आमदाराचा निवडणूक-इतिहास कसा लावायचा? बेळगाव सीमाभागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की चौकात फलक लागतात आणि त्यावर विजयांचे आकडे चढतात. गावच्या वाचनालयासाठी, स्मरणिकेसाठी किंवा नुसत्या कट्ट्यावरच्या वादासाठी एखाद्या आमदाराची खरी कारकीर्द नीट मांडायची असेल, तर पुढचे प्रश्न हटकून पडतात. उदाहरणे मुद्दाम बेळगाव जिल्ह्यातलीच घेतली आहेत. पक्ष कोणताही असो, हिशेबाची रीत एकच.

सुरुवात कुठून करायची?

कोऱ्या तक्त्यापासून. प्रत्येक निवडणुकीला एक ओळ द्या आणि रकाने असे आखा: वर्ष, सार्वत्रिक की पोटनिवडणूक, मतदारसंघाचे तेव्हाचे नाव, पक्ष, चिन्ह, मिळालेली मते, दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार आणि त्याची मते, मतांचे अंतर, एकूण वैध मते. शेवटी शेरा. पराभवाच्या ओळीही घालायच्या. त्या वगळल्या की उरतो तो प्रचाराचा कागद.

आकडे निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालातून घ्या. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचा असा अहवाल असतो आणि त्यात मतदारसंघवार सगळ्या उमेदवारांची मते मिळतात. मोजणीच्या दिवशी टीव्हीवर किंवा मोबाइलवर दिसलेला आकडा घेऊ नका. टपाली मते धरून झालेला अंतिम आकडा थोडा वेगळा निघतो आणि चटकन फिरलेला आकडाच लोकांच्या तोंडी राहतो.

'आठ वेळा आमदार' असे लिहिलेले असते. हे मोजतात कसे?

दोन प्रकारे मोजता येते, आणि दोन्ही उत्तरे वेगळी येतात. हुक्केरीचे उमेश कत्ती यांचे उदाहरण घ्या. वडील विश्वनाथ कत्ती यांच्या निधनानंतर १९८५ च्या पोटनिवडणुकीत ते पहिल्यांदा निवडून आले. पुढे १९८९, १९९४, १९९९. २००४ मध्ये पराभव. मे २००८ मध्ये जनता दल (धर्मनिरपेक्ष) कडून विजय, मग राजीनामा, भाजपप्रवेश आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत पुन्हा विजय. त्यानंतर २०१३ आणि २०१८. विजय मोजले तर आठ होतात. किती विधानसभांचे सदस्य होते असे विचारले तर सात, कारण २००८ चे दोन्ही विजय एकाच तेराव्या विधानसभेतले.

गोकाकच्या रमेश जारकीहोळींचेही तसेच. १९९९ ते २०१८ सलग पाच विजय काँग्रेसकडून, २०१९ ची पोटनिवडणूक आणि २०२३ भाजपकडून. विजय सात, विधानसभा सहा.

यात कोणी खोटे बोलत नाही. पण एका आमदाराचे विजय मोजायचे आणि दुसऱ्याच्या विधानसभा, असे करून तुलना मांडली तर ती बिनकामाची. तक्त्यात 'विजय' आणि 'विधानसभा' असे दोन आकडे वेगळे ठेवा. सोयीसाठी: १९९९ ची अकरावी, २००४ ची बारावी, २००८ ची तेरावी, २०१३ ची चौदावी, २०१८ ची पंधरावी, २०२३ ची सोळावी.

२००८ च्या आधीचे मतदारसंघ आज यादीत सापडत नाहीत. ते गेले कुठे?

सीमाभागाचा इतिहास लावताना सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

१९७८ पासून २००४ पर्यंतच्या निवडणुका १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या मतदारसंघांत झाल्या. २००१ च्या जनगणनेवर नवी फेररचना झाली आणि नव्या नकाशावर सर्वांत आधी मतदान झाले ते कर्नाटकात, मे २००८ मध्ये. जिल्ह्यातल्या जागा १८ होत्या, १८ च राहिल्या. आतली मांडणी मात्र पार बदलली. उचगाव, बागेवाडी, संकेश्वर ही नावे गेली. परसगडच्या जागी सौंदत्ती यल्लम्मा आले. सदलगा आणि चिक्कोडी मिळून चिक्कोडी-सदलगा झाला. बेळगाव शहर आणि भोवतालच्या भागाची बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण आणि बेळगाव ग्रामीण अशी नवी वाटणी झाली. कुडची (अनुसूचित जाती) आणि यमकनमर्डी (अनुसूचित जमाती) हे राखीव मतदारसंघ नव्याने उभे राहिले.

याचा परिणाम समजायला गावांची नावे बघावी लागतात. काकती, कडोली ही बेळगाव तालुक्यातली मराठी वस्तीची गावे फेररचनेत यमकनमर्डीला जोडली गेली. त्यामुळे 'उचगावची परंपरा बेळगाव ग्रामीणमध्ये आली' असे सरसकट लिहिणे चूक. उचगावचा काही भाग तिकडे आला, सगळा नाही. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे (पुढे नुसते 'समिती') मनोहर किणेकर २००४ ला उचगावातून निवडून आले आणि पुढे बेळगाव ग्रामीणमधून लढले. ही एकाच मतदारसंघातली सलग कारकीर्द आहे असे समजून मतांची तुलना केली, तर निष्कर्ष फसवा निघतो. अभय पाटील २००४ ला बागेवाडीतून, २००८ ला बेळगाव दक्षिणमधून निवडून आले. दोन्ही वेळा पक्ष एकच, मतदार मात्र बरेचसे वेगळे.

नाव तेच राहिले म्हणून निर्धास्त होऊ नका. खानापूर, निपाणी, अथणी, कागवाड यांची नावे टिकली तरी हद्दीची खात्री फेररचनेच्या आदेशातून करून घ्यावी. त्यात तालुका, महसूल मंडळ आणि गावे दिलेली असतात. तक्त्यात २००४ आणि २००८ यांच्यामध्ये एक जाड रेघ ओढा आणि रेघेपलीकडच्या मतांची टक्केवारी रेघेअलीकडच्या टक्केवारीशी थेट जोडू नका.

आणि १९५२ ची निवडणूक?

ती कर्नाटकाच्या अहवालात शोधत बसू नका. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून ते निकाल मुंबई विधानसभेच्या अहवालात आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि चंदगड तालुका वगळून जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९५७ पासूनचे अहवाल 'म्हैसूर' या नावाखाली मिळतात. राज्याचे नाव कर्नाटक झाले १ नोव्हेंबर १९७३ ला. जिल्ह्याचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी असले, तरी शहराच्या तिन्ही मतदारसंघांची नावे २००८ च्या आदेशातल्या जुन्या रूपातच चालू आहेत. संगणकावर शोधताना दोन्ही नावे टाकून बघा.

समितीचे आमदार आयोगाच्या कागदात 'अपक्ष' का दिसतात?

समिती हा आयोगाचा मान्यताप्राप्त पक्ष नाही. तिचे उमेदवार अपक्ष म्हणून अर्ज भरतात, म्हणून अहवालात तसेच छापले जाते. २०१३ ला बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील निवडून आले, दोघेही समितीचे. नुसता अहवाल वाचणाऱ्याला ते दोन सुटे अपक्ष वाटतील. २००८, २०१८ आणि २०२३ मध्ये समितीला एकही जागा मिळाली नाही, हेही अहवालातून थेट कळत नाही. अपक्षांमधून समितीचा उमेदवार कोणता ते आधी ओळखावे लागते.

अपक्ष असण्याचे व्यावहारिक परिणामही आहेत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर त्याचे नाव सुचवून सही करणारा मतदार, पुरतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात आणि प्रत्येकाचा यादीभाग व अनुक्रमांक बरोबर लिहावा लागतो. छाननीच्या दिवशी अर्ज अडतो तो इथे. चिन्हही कायमचे नसते. मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीक्रमाने तीन चिन्हे लिहून द्यायची. एकच चिन्ह अनेकांनी मागितले तर चिठ्ठ्या. चिन्ह पक्के होते ते माघारीची मुदत संपल्यावर, म्हणजे प्रचाराला हाती राहतात जेमतेम दोन आठवडे. शेजारच्या दोन मतदारसंघांत समितीच्या उमेदवारांची चिन्हे वेगळी असू शकतात आणि पाच वर्षांपूर्वीचे चिन्ह या वेळी दुसऱ्याच अपक्षाकडे जाऊ शकते. 'कमळ' किंवा 'हात' घरोघर सांगावा लागत नाही. अपक्षाच्या कार्यकर्त्याची निम्मी ताकद चिन्ह पोहोचवण्यातच जाते. म्हणून आमच्या तक्त्यात चिन्हाचा रकाना वेगळा आहे, तो उगीच नाही.

एकाच मतदारसंघात समितीचे दोन उमेदवार असतील तर 'अधिकृत' कोणाला म्हणायचे?

आयोगाच्या दृष्टीने कोणीच नाही, दोघेही अपक्ष. मग त्या वेळच्या वृत्तपत्रांकडे वळावे लागते. बेळगावच्या 'तरुण भारत'चे आणि इतर मराठी दैनिकांचे माघारीच्या दिवसापासून मतदानापर्यंतचे अंक काढा आणि कोणत्या गटाने कोणाला पाठिंबा दिला ते तारखेसह नोंदवा. शेवटच्या आठवड्यात पाठिंबा फिरतो, त्यामुळे एकच बातमी पुरत नाही. एकाच दैनिकावरही विसंबू नका. गटबाजीच्या काळात दैनिकांचाही कल असतो.

तक्त्यात दोघांच्याही ओळी ठेवा आणि शेऱ्यात 'अमुक गट' लिहा. दोघांच्या मतांची बेरीज करून 'एकी झाली असती तर निवडून आलोच असतो' म्हणायचा मोह सगळ्यांना होतो. बेरीज जरूर करा, पण ती अंदाज म्हणून वेगळी लिहा. एकाला मत देणारा प्रत्येक माणूस दुसऱ्यालाही देईलच असे नसते.

मते वाढली की आमदार बळकट झाला, असे म्हणता येईल का?

खानापूर बघा. २०१८ मध्ये काँग्रेसच्या डॉ. अंजली निंबाळकर ३६,६४९ मते घेऊन निवडून आल्या. भाजपचे विठ्ठल हलगेकर ३१,५१६ वर राहिले, अंतर ५,१३३. लढत अनेक कोनी होती आणि समितीची मते विभागली होती, त्यामुळे एकूण मतांच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी मतांत आमदारकी मिळाली. २०२३ मध्ये निंबाळकरांना ३७,२०५ मते पडली, म्हणजे जिंकल्या तेव्हापेक्षा थोडी जास्तच. तरी त्या ५४,६२९ मतांनी हरल्या, कारण हलगेकर ९१,८३४ वर गेले. निंबाळकरांची स्वतःची मते फारशी हलली नाहीत. हलले ते बाकीचे मैदान.

बेळगाव ग्रामीणमध्ये उलटे चित्र आहे. लक्ष्मी हेब्बाळकर २०१३ ला तिथे हरल्या, २०१४ ला लोकसभेलाही हरल्या. मग २०१८ ला ५१,७२४ आणि २०२३ ला ५६,०१६ मतांच्या फरकाने जिंकल्या. इथे पराभवाच्या ओळी नसतील तर २०१८ ची उडी कळतच नाही.

म्हणून नुसते 'लीड' लिहू नका. मते, टक्केवारी, अंतर आणि रिंगणात दखल घेण्याजोगे किती होते, या चारही गोष्टी शेजारी शेजारी हव्यात.

टक्केवारी कशावर काढायची? 'नोटा'चे काय?

वैध मतांवर काढा आणि तसे तळटीपेत लिहा. काही तक्त्यांत 'नोटा' (यांपैकी कोणीही नको, हा पर्याय) धरून झालेल्या एकूण मतदानावर टक्केवारी असते. दोन्ही पद्धती एकाच तक्त्यात मिसळल्या की दशांशाच्या पहिल्याच घरात गडबड दिसते. 'नोटा'चा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर आला. कर्नाटकाची त्या वर्षीची निवडणूक मे महिन्यातच उरकली होती, त्यामुळे विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीत इथे 'नोटा' प्रथम दिसते ती २०१८ ला.

डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या एकषष्ठांशापेक्षा जास्त मते लागतात. या हिशेबात 'नोटा' धरत नाहीत. विधानसभेसाठी अनामत सध्या १०,००० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००.

२०१३ चे भाजपचे आकडे एवढे पडलेले का दिसतात?

त्या वर्षी भाजपमधून बाहेर पडलेल्या येडियुरप्पांचा कर्नाटक जनता पक्ष आणि श्रीरामुलूंचा बीएसआर काँग्रेस वेगळे लढले होते, त्यामुळे भाजपची मते विभागली. २०१३ आणि २०१८ ची तुलना करताना हे शेऱ्यात लिहा.

बूथनिहाय मते कुठे मिळतात आणि ती वाचताना काय चुकते?

नमुना २० मध्ये. हे अंतिम निकालपत्रक असते. प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ, प्रत्येक उमेदवाराचा एक रकाना, शेवटी टपाली मते आणि बेरीज. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघवार मिळते. बहुतेक प्रती स्कॅन केलेल्या असतात, नावे कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत आणि कागद तिरका. संगणकाने आपोआप आकडे उचलले तर ३ आणि ८, १ आणि ७ यांची अदलाबदल होते. उपाय एकच: प्रत्येक ओळीची आडवी बेरीज आणि प्रत्येक रकान्याची उभी बेरीज छापील बेरजेशी ताडून बघणे. जिथे जुळत नाही, ती ओळ डोळ्यांनी वाचा.

सर्वांत मोठी चूक केंद्रक्रमांकावरून तुलना करण्याची. मतदार वाढले की केंद्र फोडतात, जोडकेंद्र निघते आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. २०१८ चे ८७ क्रमांकाचे केंद्र २०२३ ला ९१ वे असू शकते. क्रमांक सोडा, केंद्राचे नाव धरा: शाळा कोणती, खोली कोणती, यादीत कोणती गल्ली. मतदान केंद्रांची यादी वेगळी मिळते, ती निकालपत्रकाच्या शेजारी ठेवूनच काम करा. एका गावाची चार केंद्रे असतील तर आधी गावाची बेरीज करा, मग दोन निवडणुकांची तुलना.

दुसरी गोष्ट. केंद्रावरून गाव कळते, घर कळत नाही. 'त्या गल्लीने मते दिली नाहीत' असा निकाल लावून भांडणे होतात. एका केंद्रात बऱ्याचदा तीन-चार गल्ल्या असतात, हे विसरू नये.

प्रतिज्ञापत्रातून काय कळते?

नमुना २६ म्हणजे उमेदवाराचे शपथेवरचे निवेदन: शिक्षण, प्रलंबित गुन्हे व शिक्षा, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, सरकारी देणी, उत्पन्न. कर्नाटक विधानसभेपुरते बोलायचे तर २००४ च्या आधीची अशी प्रतिज्ञापत्रे शोधू नका. ही सक्ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतरची आहे.

वाचताना घ्यायची काळजी अशी. एक उमेदवार चार अर्ज भरू शकतो, म्हणून संकेतस्थळावर एकाच नावाचे चार संच दिसतात. वैध ठरलेल्या अर्जासोबतचा संच घ्या. स्थावराला दोन किमती असतात, खरेदीची आणि आजच्या बाजारभावाची. वृत्तपत्रांतल्या 'संपत्ती इतक्या पटींनी वाढली' या मथळ्यामागे कधीकधी नुसता बेळगावच्या आसपासच्या जमिनीचा चढलेला भाव असतो. एकर तेवढेच. सर्व्हे नंबर आणि क्षेत्र जुळवा, मग बोला. कर्ज वजा केले की नाही तेही बघा. साखर कारखाना किंवा पतसंस्थेशी संबंध असलेल्यांच्या कागदात देणी मोठी असतात.

उत्पन्नाचा रकाना २०१९ च्या फेब्रुवारीत बदलला. त्याआधी शेवटच्या विवरणपत्राचा एकच आकडा असे, आता पाच वर्षांचे आकडे द्यावे लागतात. म्हणून २०१८ चा एक आकडा आणि २०२३ चे पाच यांची तुलना करताना कोणता आकडा कोणत्या आर्थिक वर्षाचा ते आधी बघायचे. गुन्ह्यांच्या बाबतीत 'प्रलंबित', 'आरोप निश्चित' आणि 'शिक्षा' या तीन पायऱ्या वेगळ्या आहेत. सीमाभागात आंदोलनांतले, मोर्चे-मेळाव्यांचे खटले पुष्कळ असतात. कलम वाचल्याशिवाय 'गुन्हेगार' हा शब्द वापरू नये.

'पाटील' शोधले की पन्नास नावे येतात. काय करावे?

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण, बेळगाव ग्रामीण आणि खानापूर या तिन्ही ठिकाणी निवडून आलेले आमदार पाटीलच होते: संभाजी, संजय आणि अरविंद. दक्षिणमध्ये हरलेले अभय हेही पाटील. त्यातच अहवालात कधी आडनाव आधी, कधी शेवटी, कधी नुसती आद्याक्षरे. कन्नडमधून इंग्रजीत आणि तिथून मराठीत येताना 'कल्लाप्पा'चे 'कलाप्पा' होते. नाव, वडिलांचे नाव आणि मतदारसंघ असा तिहेरी मेळ बसल्याखेरीज ओळ भरू नका. मोठ्या उमेदवाराच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेला अपक्षही रिंगणात असतो. त्याची मते मोठ्याच्या खात्यावर चढवली गेल्याचे आढळते.

विधान परिषदेचा सदस्यही आमदारच. ती वर्षे कारकिर्दीत धरायची का?

धरायची, पण वेगळ्या ओळीत. अथणीचे लक्ष्मण सवदी हे चांगले उदाहरण. २००४, २००८, २०१३ ला भाजपकडून विधानसभेवर. २०१८ ला काँग्रेसच्या महेश कुमठळ्ळी यांच्याकडून २,३३१ मतांनी पराभव. ऑगस्ट २०१९ मध्ये कोणत्याच सभागृहाचे सदस्य नसताना मंत्री आणि उपमुख्यमंत्री. राज्यघटनेच्या कलम १६४(४) प्रमाणे सहा महिन्यांत सदस्य होणे भाग होते. फेब्रुवारी २०२० मध्ये, मुदत भरत आली असताना, ते परिषदेवर गेले. २०२३ ला भाजपने तिकीट नाकारले, काँग्रेसमध्ये आले आणि त्याच कुमठळ्ळींना ७६,१२२ मतांनी हरवले. आता कुमठळ्ळी भाजपचे उमेदवार होते. दोघांनी पक्षांची अदलाबदल केलेली. पक्षाचा रकाना निवडणूकनिहाय का हवा, ते इथे पटते.

परिषदेतही मतदार वेगवेगळे असतात: आमदार, पदवीधर, शिक्षक, स्थानिक संस्था. बेळगाव स्थानिक संस्था मतदारसंघातून दोन जागा आहेत. मतदार असतात ग्रामपंचायत सदस्य, नगरसेवक वगैरे आणि मतदान पसंतीक्रमाने. डिसेंबर २०२१ मध्ये तिथून काँग्रेसचे चन्नराज हट्टीहोळी आणि अपक्ष लखन जारकीहोळी निवडून आले. ही मते विधानसभेच्या मतांशेजारी लावू नका.

२०१९ च्या पोटनिवडणुकांची नोंद कशी करायची?

आधी सत्ताधारी आघाडीच्या आमदारांचे राजीनामे, मग विधानसभाध्यक्षांकडून अपात्रता, मग सर्वोच्च न्यायालय. १३ नोव्हेंबर २०१९ च्या निकालाने अपात्रता कायम ठेवली, पण उरलेल्या मुदतीपर्यंत लढण्यावरची बंदी काढली. ५ डिसेंबरला मतदान झाले. जिल्ह्यातल्या अथणी, कागवाड आणि गोकाक या तीन जागा त्यात होत्या आणि तिन्हींवर पूर्वीचेच आमदार भाजपकडून परत आले. तक्त्यात 'राजीनामा' लिहू नका, 'अपात्र' लिहा. कागवाडमध्ये गंमत अशी की त्या पोटनिवडणुकीत श्रीमंत पाटलांविरुद्ध काँग्रेसकडून उभे होते भाजपचे माजी आमदार राजू कागे. २०२३ ला त्यांनीच श्रीमंत पाटलांना हरवले.

आमदारकीच्या आधीची कारकीर्द कुठे शोधायची?

ग्रामपंचायत निवडणुका कर्नाटकात पक्षचिन्हाविना होतात, त्यामुळे तिथले 'आमचा पॅनल' हे दावे वृत्तपत्रांवरूनच तपासावे लागतात. बेळगाव महापालिकेत पक्षचिन्हावर लढत प्रथम झाली ती २०२१ मध्ये. तेव्हा ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या. त्याआधीच्या नगरसेवकांना मागाहून पक्षाचे लेबल लावू नका. सहकारातली पदे, म्हणजे जिल्हा बँक, बाजार समिती, संकेश्वरचा हिरण्यकेशी किंवा निपाणीचा हालसिद्धनाथ साखर कारखाना, ही अनेकांच्या राजकारणाचा खरा पाया आहेत. त्यांची नोंद वार्षिक अहवालांत सापडते.

चंदगड किंवा कोल्हापूरचा मतदार बेळगावातून आमदारकीला उभा राहू शकतो का?

नाही. विधानसभेसाठी उमेदवार त्याच राज्यातल्या कोणत्या तरी मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. निपाणीचा मतदार खानापुरात उभा राहू शकतो, आपल्या यादीचा प्रमाणित उतारा जोडून. लोकसभेला मात्र देशातला कुठलाही मतदार चालतो. दोन्ही राज्यांच्या याद्यांत नाव ठेवणे बेकायदा आहे. सीमेवर शेत इकडे आणि घर तिकडे असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

बेळगावात कधीकाळी शेकडो उमेदवार होते, ते खरे का?

खरे. १९८५ च्या विधानसभेला बेळगाव शहरात ३०१ उमेदवार होते. १९९६ च्या लोकसभेला बेळगावात ४५६ होते, सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी समितीने उभे केलेले. त्याच वर्षी कायदा बदलला. विधानसभेची अनामत २५० वरून ५,००० आणि लोकसभेची ५०० वरून १०,००० झाली, अपक्षाला दहा सूचक लागू लागले आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त जागा लढवणे बंद झाले. जुन्या काळातल्या अशा निवडणुकांत 'उमेदवारांची संख्या' हा आकडा लढतीची चुरस दाखवत नाही.

लोकसभेचे आकडे विधानसभेसाठी वापरता येतात का?

सावधपणे. खानापूर आणि कित्तूर हे बेळगाव जिल्ह्यातले असूनही लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतात. निपाणी, अथणी, हुक्केरी, यमकनमर्डी वगैरे आठ चिक्कोडीत, उरलेले आठ बेळगावात. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळकेंनी लाखाहून जास्त मते घेतली आणि भाजपच्या मंगला अंगडी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळींवर अवघ्या ५,२४० मतांनी निवडून आल्या. यातली दक्षिण, उत्तर आणि ग्रामीणची मते वेगळी काढून २०२३ च्या विधानसभेशी लावता येतात. खानापूरची त्यात नाहीतच, कारण तिथे त्या दिवशी मतदानच नव्हते.

माहिती अधिकारात अर्ज करायचा तर मराठीत चालतो का?

कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा म्हटले आहे. इथे ती कन्नड. वाद घालण्यात महिने घालवण्यापेक्षा कन्नड किंवा इंग्रजीत द्या. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. लांबलचक पाल्हाळ लावलेला अर्ज याच कारणाने परत येतो. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डर लावली की सोपे. नकलेला पानाला २ रुपये. अर्जात 'अमुक आमदाराची सर्व माहिती' असे मागू नका. 'अमुक क्रमांकाच्या मतदारसंघाचा, अमुक वर्षाचा नमुना २०, सर्व पाने' असे मागा. मतदारसंघांचे क्रमांक निपाणी १ पासून रामदुर्ग १८ पर्यंत आहेत. बेळगाव उत्तर ११, दक्षिण १२, ग्रामीण १३, खानापूर १४. हे क्रमांक २००८ पासूनचे आहेत. त्याआधीच्या कागदासाठी जुने नाव आणि वर्ष लिहा.